चालून कोन राहिलं?

गुलाबराव डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अनवाणी. अकोल्याच्या धर्मादाय दवाखान्यात नर्स म्हणून मी रुजू झाले, त्या सकाळची गोष्ट. मागच्या अंगणात धोतर खोचलेला एक काळासावळा, दणकट माणूस दुसऱ्या एका लंगड्या माणसाच्या जोडीनं पाय ओढत चालत होता. दोघांची चाल एकच. मला वाटलं, दोघंही पेशंट. मी त्या दणकट माणसालाच विचारलं, "काय वो भाऊ, डॉक्टरसाहेब कुठं भेटतील?"

"थांबा बाई. हा पडते का पाह्यतो, मंग सांगतो."

तो पडला नाही. मग हे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "मीच थो. उभ्या काहून राहिल्या? ते स्टूल घ्या अन् याच्या मागं मागं चाला. दमला का खाली सरकवायचं."

झालं. नर्सिंगचं शिक्षण घेऊन आले होते मी, नागपूरला तीन घरची बोलणी खाऊन. आणि माझं पहिलं काम काय, तर स्टूल घेऊन माणसाच्या मागं फिरणं. मनात म्हटलं, बाप्पा, हे काय नशिबी आलं! पुढं कितीतरी वर्षं मी ते स्टूल धरलं, आधी अकोल्याला आणि मग अमरावतीला.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठे साहेब नागपूरला, मोठी औषधंही नागपूरला. आमच्याकडे यायची ती माणसं. कापसाच्या गाडीवरून पडलेली, विहिरीत घसरलेली, कापसाची सरकी काढतात त्या जिनात अंगावर रुईची गाठ कोसळलेली. हात मोडला तर आम्ही बांधायचो. पण पाठीचा कणा मोडून पाय गेलेला माणूस आला की दवाखान्यातले बाकीचे डॉक्टर दुसऱ्या खोलीत काही काम काढायचे. त्यांचं तरी काय चुकलं? उपाय नव्हताच. कुशीवर वळवत राहा, पाठीला जखमा होऊ देऊ नका, लघवीचं पाहा, आणि वाट पाहा. बरेच जण वाट पाहता पाहताच जायचे. जे राहायचे ते गुलाबरावांकडे यायचे.

गुलाबराव तिवसा भागातल्या शेतकरी घरातले. काळ्या मातीत वाढलेले, घराण्यातले पहिलेच डॉक्टर. बोलणं शेवटपर्यंत वावरातलंच राहिलं. मूळचे पुण्याचे एक अधिकारी एकदा म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही पेशंटशी भांडता का हो?" गुलाबराव म्हणाले, "नाई जी, हे तं प्रेमानं बोलून राहिलो. भांडताना पाह्यचं का?" ते अधिकारी पुन्हा आले नाहीत.

अंगणात त्यांनी लिंबाच्या खुंटांवर दोन लांब बांबू आडवे बसवून घेतले होते, कमरेएवढ्या उंचीवर. मधून पेशंटनं चालायचं, दोन्ही हातांनी बांबू धरून. गुडघे मुडपू नयेत म्हणून पायांना कामट्या बांधलेल्या. कोण कितपत चालतो हे ठरवायची त्यांची साधी रीत होती. दोन बाजूंनी दोन माणसं धरावी लागली तर तो 'दोन माणसाचा'. मग 'एका माणसाचा'. मग कुबडीचा, मग काठीचा. काठीही सुटली तर गुलाबराव त्याला शिव्या देऊन हाकलून द्यायचे, "जाय लेका, आता इकडं तोंड दाखवू नको." असे हाकललेले फार थोडे. त्यांच्या शिव्या खाणारा माणूस रडत रडत हसायचा. गुलाबराव आत जाऊन पाणी प्यायचे आणि बराच वेळ बाहेर येत नसत.

रीत साधी होती, पण ती पाळताना माणसं फार फसवायची. आणि फसवायची ती मायेपोटी, हे मला तिथंच कळलं.

जिनातल्या एका हमालाची गोष्ट सांगते. त्याचे दोघे भाऊ त्याला घेऊन आले. एक इकडून काखेत, एक तिकडून काखेत. अंगणातून असे झपाझप आले की मीच चाट पडले. "चालला, चालला!" थोरला ओरडत होता. मागं त्यांची म्हातारी आई, तिनं तर पदरातला गूळ वाटायला काढला होता.

गुलाबराव भिंतीला टेकून उभे होते. शांतपणे म्हणाले, "चालून कोन राहिलं?"

"हा काय, आमचा भाऊ!"

"हात सैल करा बरं जरासे."

भावांनी हात सैल केले आणि तो धोतराच्या घडीसारखा खाली बसला. मी स्टूल सरकवलं म्हणून, नाहीतर भुईवरच आदळला असता. म्हातारीच्या हातातला गूळ हातातच राहिला. मला इतका राग आला या माणसाचा! काय बिघडलं असतं गूळ वाटू दिला असता तर? मी तसं बोललेही. गुलाबराव म्हणाले, "बाई, हे घरी नेतीन त्याले. चार दिवस दोन्ही भाऊ उचलतीन. पाचव्या दिवशी पेरणी येईन. मंग याले वाटन का आपनच आळशी झालो, म्हनून पाय चालून नाई राहिले. याले खरं सांगा लागते. बाकी माह्यापाशी देण्यासारखं आहे काय?"

 माझा राग मात्र गेला नाही.

म्हणून ते नातेवाइकांना पेशंट धरू द्यायचे नाहीत. स्वतः धरायचे. उजवा हात कमरेमागं, पंजा कुशीखाली, आणि डोळे मिटलेले. पेशंट एकेक पाय टाकायचा आणि हे त्याच्या जोडीनं त्याच्याच चालीनं पाय टाकायचे. ओठ हलत असायचे. आपल्या पंजावर त्याचा किती भार येतो तेवढंच ते ऐकत असत. "डोये फसते, बाई," म्हणायचे, "हात नाई फसत." अंगण संपेपर्यंत त्यांना कळलेलं असायचं की हा कुबडीवर येणार, का जन्मभर दोन माणसांचा राहणार. आणि ते चुकायचे नाहीत, हेच तर वाईट होतं.

या सवयीनं माणूस बाहेरच्या जगात निकामी झाला होता. बाजारात निघाले तरी चाल पेशंटची. ताजनापेठेत भाजी घ्यायला गेले की मागची माणसं वैतागून पुढं निघून जायची. समोरच्याचं तोंड पाहण्याआधी पाय पाहणार. एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरून मांडवात आला तर हे मोठ्यानं म्हणाले, "नवरदेवाचा उजवा गुडघा कामातून गेला." मुलीकडच्यांत जी खळबळ उडाली! नवरदेवाच्या बुटात खिळा होता, एवढंच. त्या लग्नात आम्हाला कोणी जेवा म्हटलं नाही.

बायकांची पंचाईत होती. सासू-सासऱ्यांसमोर सुनेच्या कमरेला पुरुषानं हात लावायचा म्हणजे दवाखाना जाळतील. मग ते काम माझ्याकडे आलं. मी धरायची आणि गुलाबराव पाठ फिरवून, दोन हात लांब राहून चालायचे. अंगणाच्या टोकाला विचारायचे, "बाई, हात काय म्हनते?"

सुरुवातीला मला काही समजेना. "जड लागतेय" एवढंच मी सांगायची. ते चिडायचे, "जड तं पोतंही लागते! माणूस कधी जड लागते थे सांगा. पाय उचलताना का टेकताना?" हळूहळू माझा हात बोलायला लागला. एक माळीण होती, तिवशाकडची, वांगी-मिरच्या पिकवणारं घर. विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावरून घसरून पडलेली. महिनाभर हातावर नुसतं पोतं. मग एक दिवस डावा पाय टेकताना भार एकदम निघून गेला, क्षणभरच. मी जाग्यावर ओरडले. ती बाई पुढं काठीवर आली. पावसाळा संपल्यावर टोपलंभर वांगी घेऊन आली आणि गुलाबरावांनी तिला शिव्या दिल्या. मी माळ्याचीच पोर, वांगी मला ओळखता येतात. तशी वांगी मी पुन्हा खाल्ली नाहीत.

आणि ज्यांचं काही होणार नव्हतं त्यांचं काय? गुलाबराव "चालणार नाही" असं कधी म्हणत नसत. घरच्यांना बाजूला घेऊन एवढंच सांगायचे, "घरातले उंबरठे काढून टाका."

कारण अशा माणसाला मग चाकाच्या फळीवर बसून घरात फिरावं लागायचं, आणि आपल्याकडचे उंबरठे केवढाले! पण उंबरठा काढायचा म्हणजे काय, ते बायकांना विचारा. रोज सकाळी हळदकुंकू लावायचं त्याला. नवी नवरी माप ओलांडून आत येते ती तिथून. एका पाटलाच्या आईनं गुलाबरावांना तोंडावर सुनावलं, "उंबरठा काढला तं लक्ष्मी निंगून जाईन माह्या घरातून." हे म्हणाले, "आजी, नाई काढला तं तुमचा नातू मरेपर्यंत मधल्या खोलीतच राहीन." त्या घरच्यांनी नातवाला उचललं आणि गाडीत घालून दुसऱ्या वैद्याकडे नेलं. पुढं ते वाक्य इतकं पसरलं की माणसं अंगणात शिरतानाच हात जोडायची, डॉक्टर, काही सांगा पण उंबरठ्याचं सांगू नका.

मग गुलाबराव अमरावतीला आले. राजापेठेत घर घेतलं, पुढच्या भागात दवाखाना, मागं अंगण, अंगणात बांबू. मलाही त्यांनी बोलावून घेतलं. तिथं माझी आणि त्यांच्या बायकोची गट्टी जमली. तिला सगळे माई म्हणत. ठेंगणी, तोंडाची तिखट. अंगणात पेशंट चालत असले की ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायची, आणि गुलाबराव तोंड उघडायच्या आधी आतून तिचाच आवाज यायचा, "चालून कोन राहिलं?" पेशंटसुद्धा हसायचे. गुलाबराव मात्र तिच्याकडे पाहत नसत. त्या काळी नवराबायकोंची रीतच तशी. रस्त्यानं जाताना ते पुढं, ती मागं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी चारचौघांत तिचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. हात धरणं तर दूरच.

एका उन्हाळ्यात माई धाब्याच्या गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेली. उतरताना शिडी सरकली. मी दवाखान्यात होते. आवाज ऐकून मागं धावले तर ती अंगणात उताणी पडलेली, शुद्धीवर, आणि मला म्हणते, "कुरडयावर कपडा टाका आधी, कावळे येतीन." मग म्हणाली, "माहे पाय कुठी गेले वो, बाई?"

गुलाबराव आले. गुडघ्यावर बसले. तळव्याला टाचणी लावली, पोटरीला लावली, मांडीला लावली. माई आभाळाकडे पाहत होती, तिला कळलंच नाही टाचणी कुठं कुठं लागली ते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

दोन-अडीच महिने आम्ही तिला अंथरुणात सांभाळलं. पाठीला एक चट्टा पडू दिला नाही. मग तिला बांबूंत उभी केली. पायांना कामट्या बांधल्या, मी कमरेला धरलं, मागं मोलकरणीनं स्टूल धरलं. गुलाबराव रीतीप्रमाणे पाठ फिरवून पुढं. अंगणाच्या टोकाला त्यांनी विचारलं, "बाई, हात काय म्हनते?"

काय सांगणार? मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, अजून काही नाही."

"नीट पाहा."

रोज तेच. रोज ते विचारायचे आणि रोज मी तेच सांगायची. एक दिवस ते माझ्यावर असे खेकसले की रस्त्यावरची माणसं थांबली. "तुमचा हात बहिरा झाला आता! व्हा बाजूला." आणि त्यांनी स्वतः पुढं होऊन माईच्या कमरेला हात घातला. भरदिवसा. भिंतीवरून शेजारच्या बायका पाहत होत्या, पेशंट पाहत होते, मोलकरणीनं तोंडावर पदर घेतला. माई लाजून लालबुंद. "अवो, लोक पाहून राहिले," ती पुटपुटली. "पाहू दे," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

ते दोघं अंगणाच्या टोकापर्यंत गेले. गुलाबरावांनी डोळे उघडले तेव्हा असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "आहे! डाव्या पायात आहे, बाई! एका माणसाची झाली हे. दिवाळीपर्यंत काठीवर आनतो का नाई पाहा!"

मी खाली पाहिलं. अंगण रोज सारवलेलं असायचं, वर बारीक धूळ. त्या धुळीत माईची पावलं उमटलीच नव्हती. अंगठ्यांच्या दोन रेघा होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि गुलाबरावांच्या उजव्या हाताच्या शिरा अशा तट्ट फुगल्या होत्या की मनगटावर घड्याळाचा पट्टा रुतला होता.

सगळ्यांनी पाहिलं. जिनातले हमाल, कुबडीवाले, भिंतीवरच्या बायका. एकजण बोलला नाही. बोलणार कोण? ज्याला त्याला याच माणसानं खरं सांगितलेलं, पण उलटून त्याला सांगायची छाती कोणाची? मोलकरीण तर दुसऱ्या दिवसापासून एका हातात स्टूल धरून, दुसऱ्या हातानं त्या रेघांवर खराटा मारत दोघांच्या मागं मागं जाऊ लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी ते माईला चालवायचे. सुताराकडून शिसवीची काठी करून आणली, तिच्या उंचीची, मुठीवर पोपट कोरलेला. रोज नवीन काहीतरी सांगायचे. आज गुडघ्यात जोर आला, आज टाच टेकली. माई हो हो म्हणायची. अंगणात असताना ती हसायची आणि मी केस विंचरून द्यायला बसले की गप्प असायची. एकदा म्हणाली, "बाई, हा माणूस मले रोज उचलून मरन एक दिवस."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"कसं सांगू? जनमात पह्यल्यांदा हात धरला त्यानं माहा."

मला रडू आलं. तिला आलं नाही. ती वेणीचा पेड सोडून पुन्हा घालत बसली.

मग एका सकाळी, अंगणाच्या मधोमध, माई थांबली. म्हणजे तिनं बांबू घट्ट धरले, म्हणून गुलाबरावांना थांबावं लागलं. पेशंट सगळे ओट्यावर बसलेले. माईनं मान वळवून त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि खिडकीतून जसं ओरडायची तसं नाही, अगदी हळू विचारलं, "अवो. चालून कोन राहिलं?"

गुलाबरावांनी डोळे उघडले.

"तू."

"मंग हात सैल करा."

त्यांनी केला नाही. आम्ही सगळे वाट पाहत होतो. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते कधी तिच्याकडे पाहत, कधी आपल्या हाताकडे. कोणाचा तरी अनोळखी हात आपल्या खांद्याला लावलेला असावा, तसे पाहत होते. आणि हात काही सुटेना.

शेवटी माईच म्हणाली, "बाई, स्टूल आना."

मी मोलकरणीच्या हातून स्टूल घेतलं आणि सरकवलं. तिला बसवलं. गुलाबराव बांबूला धरून उभे राहिले. माईनं पदर सारखा केला, घाम पुसला आणि म्हणाली, "सुताराले बोलवा. उंबरठे काढून टाका घरातले."

इतकी वर्षं लोकांच्या घरांना त्यांनी हेच सांगितलं होतं. ते ऐकून माणसं कशी होतात ते मी खूप वेळा पाहिलं होतं. कोणी ओरडायचं, कोणी पाया पडायचं. गुलाबराव नुसते आत गेले.

सुतार आला तेव्हा माई म्हणाली, "जरा दम धर, बाबू." मी तिला भुईवर बसवून एकेका दारापाशी सरकवत नेलं. तिनं प्रत्येक उंबरठा पुसला, हळदकुंकू लावलं, एकेक फूल ठेवलं. मग म्हणाली, "लाव आता करवत." मी स्वयंपाकघरात जाऊन कान झाकले.

त्यानंतर गुलाबरावांनी कोणाच्या कमरेला हात लावला नाही. पुरुष पेशंट असला तरी मलाच पुढं करायचे. मी जे सांगेन त्यावर मान हलवायचे. पेशंट हळूहळू कमी झाले. माई फळीवरून घरभर फिरायची, भांडी लावायची, माझ्याशी भांडायची. दोन हिवाळे तिनं काढले. मग लघवीचा ताप आला, तसा सगळ्यांनाच यायचा, आणि त्याच्यावर आमच्यापाशी काहीही नव्हतं. शेवटच्या दिवसांत ते तिचा हात धरून बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. मी आत गेले तरी सोडायचे नाहीत.

मी अकोल्याला परतले. काही वर्षांनी कामानं अमरावतीला गेले तेव्हा राजापेठेत उतरले. घर तेच, दारांना उंबरठे नाहीत. शिकायला बाहेरगावी असलेला त्यांचा मुलगा आता घरी होता. सून म्हणाली, "किती सांगितलं पुन्हा बसवू म्हणून, ऐकतच नाहीत." गुलाबराव आतून आले. थकले होते. हातात तीच पोपटाची शिसवी काठी. माईच्या उंचीची होती, त्यांना फारच आखूड पडत होती, म्हणून पार वाकून चालत होते. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, लांब काठी करून घ्या ना एक."

"पुरते मले."

मी मागच्या दारानं निघाले तर म्हणाले, पायरीपर्यंत येतो. अंगणाकडची पायरी जरा उंच होती. मला राहवलं नाही, मी त्यांच्या कमरेमागं हात घातला, त्यांनीच शिकवला होता तसा, पंजा कुशीखाली. ते पायरीच्या तोंडाशी थबकले. डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले आणि मग म्हणाले, "बाई, चालून कोन राहिलं?"

सगळा भार माझ्या हातावर होता. सगळा.

मी म्हटलं, "तुम्ही, डॉक्टरसाहेब." आणि ते पायरी उतरून होईपर्यंत मी हात सैल केला नाही.